उसने दुखणे

'सोंग' हा आपला शब्द दोन ठिकाणी नांदतो. दशावतारात रात्री संकासुराचे सोंग येते, भारुडात एकामागून एक सोंगे येतात, आणि ती आली की आपण सरसावून बसतो. घरात मात्र या शब्दाचा सूर बदलतो. ऐन परीक्षेच्या सकाळी पोट धरून बसलेल्या मुलाला, माहेरी आल्यापासून उजवा हात उचलता न येणाऱ्या लेकीला आपण म्हणतो, "पुरे झाली सोंगं!" शेजारच्या कन्नड घरात हाच आरोप 'सोगु' या शब्दाने होतो. डॉक्टरांनी तपासून नस, हाड, स्नायू सगळे ठीक असल्याचे सांगितले की घरच्यांची खात्रीच पटते. ज्या दुखण्याचे कारण सापडत नाही ते दुखणे नसतेच, असा आपला सरळ हिशेब.

या आरोपाची शहानिशा करण्याचा एक विलक्षण मार्ग मानसशास्त्राने शोधला. धडधाकट माणसाला संमोहित करायचे आणि नुसत्या शब्दांनी त्याला एखादे लक्षण द्यायचे. हात लुळा पडला, कान बंद झाला, आरशातला चेहरा ओळखू येईनासा झाला, असे काहीही. ते लक्षण अंगावर असेतो त्याची पाहणी करायची, मग सूचना मागे घ्यायची आणि त्याला घरी पाठवायचे. उसने आणलेले दुखणे त्याच दिवशी परत. ज्याला मुळात आजार नाही त्याच्यात लक्षण उभे करून त्याची घडण समजून घ्यावी, ही त्यामागची कल्पना.

या प्रयोगांवर लिहिण्याचा माझा अधिकार डॉक्टरचा नाही, वाचकाचा आहे. पण त्यांत संहिता असते, ती म्हणणारा असतो, भूमिका अंगात भिनवणारा असतो आणि पाहणारेही असतात. इतके सगळे जिथे आहे तिथे नाटके वाचण्यात आणि पाहण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने चार शब्द बोलायला हरकत नसावी. माझा प्रश्न साधा आहे : या प्रयोगांतून रुग्णाबद्दल खरोखर काय कळते, आणि काय कळत नाही?

*

सुरुवात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयापासून करावी लागते. तिथले मज्जारोगतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांच्यापुढे १८८५ मध्ये दोन कष्टकरी पुरुष आले होते. एक गाडीवान, दुसरा गवंडीकाम करणारा. दोघेही पडले होते, पडल्यानंतर दोघांचाही एकेक हात लुळा झाला होता, आणि त्या लुळेपणाची हद्द शरीरातल्या नसांच्या नकाशाशी जुळत नव्हती. शार्कोंनी संमोहनाखाली असलेल्या इतर रुग्णांना 'तुझा हात आता हलत नाही' अशी सूचना दिली. हुबेहूब तसाच लुळेपणा उतरला. पुढे तर खांद्यावर नुसती चापट मारूनही तो आणता आला. यावरून शार्कोंनी म्हटले की पडण्याच्या धक्क्यात मनात घट्ट बसलेली कल्पनाच हात लुळा करू शकते. त्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून शिकायला आलेला सिग्मंड फ्रॉइड नावाचा तरुण डॉक्टर हे सारे ऐकत होता. पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

शार्कोंचा मोठेपणा आधी मान्य केला पाहिजे. बायकांचे थेर म्हणून हिणवला जाणारा हिस्टेरिया रांगड्या पुरुषांनाही होतो, हे त्यांनी ठासून सांगितले. गाडीवानाला ढोंगी ठरवून हाकलून देणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही.

पण त्यांच्या रंगमंचात खोट होती, आणि ती एका चित्रकाराने नकळत टिपून ठेवली आहे. आंद्रे ब्रूये याचे १८८७ चे भव्य चित्र शार्कोंचा वर्ग दाखवते. मध्यभागी शार्को बोलत आहेत. त्यांच्या बाजूला ब्लांश विटमन ही रुग्ण स्त्री मागे कलली आहे, तिला एका साहाय्यकाने सावरले आहे, आणि समोर काळ्या कोटांतले पुरुष टिपणे घेत बसले आहेत. या श्रोत्यांच्या मागच्या भिंतीवर एक रेखाचित्र टांगलेले दिसते : झटक्यात कमानीसारखी वाकलेली बाई. श्रोत्यांची त्याकडे पाठ आहे. ते दिसते फक्त शार्कोंच्या बाजूला असलेल्यांना, म्हणजे रुग्ण बाईलाही. आता आपल्याकडून काय व्हायचे आहे, याची संहिताच तिच्या डोळ्यांसमोर टांगलेली आहे!

नान्सीचे डॉक्टर इपोलित बर्नहाइम यांनी नेमके याच जागी बोट ठेवले. शार्कोंना संमोहनाच्या ठरावीक तीन अवस्था दिसत. बर्नहाइम म्हणाले, मला त्या आपोआप कुठेच दिसत नाहीत. संपूर्ण स्वरूपात त्या दाखवणारी एकच मुलगी मी पाहिली, आणि ती साल्पेत्रिएरमध्ये तीन वर्षे राहून आलेली होती. टीका म्हणून हे वाक्य मला अजोड वाटते. रुग्ण रोग दाखवत नव्हते, त्या रुग्णालयाची रीत दाखवत होते, हे त्याने एका दमात सांगितले.

*

हा वाद पेटण्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी पॅरिसमध्येच त्याचे उत्तर देऊन गेलेला माणूस आपल्या शेजारचा होता. बार्देशातल्या कांदोळी गावी १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना त्यांची जीभ अडखळली, तेव्हा वडिलांनी कोकणीतून 'कातर रे भाजी' असे कुजबुजून ती मोकळी केली, ही आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. खरी-खोटी कशीही असो, फारियांच्या सिद्धान्ताला ती शोभून दिसते : वेळेवर कानी पडलेले दोन शब्द शरीराला सोडवू शकतात. त्या काळी मेस्मरच्या अनुयायांचा समज असा होता की संमोहन करणाऱ्याच्या देहातून कसलासा चुंबकीय प्रवाह समोरच्याच्या देहात जातो. फारियांनी तो साफ नाकारला. झोप लागते ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनोव्यापारामुळे, समोरचा केवळ निमित्त, असे त्यांचे म्हणणे होते. १८१९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले.

पणजीला जाऊन आलेल्यांनी मांडवीकाठचा, जुन्या सचिवालयाशेजारचा त्यांचा पुतळा पाहिला असेलच. रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे शिल्प १९४५ मधले. शिल्प म्हणून ते जबरदस्त आहे. खाली कोसळणारी स्त्री आणि तिच्यावर दोन्ही हात पसरून उभे फारिया. पण त्यातला अर्थ मात्र फारियांच्या विरोधात जातो. त्यांनी आयुष्यभर सांगितले की शक्ती माझ्या हातांत नाही, आणि पाहणाऱ्याची नजर खिळते ती त्या हातांवरच. ब्रूयेचे चित्र काय आणि हा पुतळा काय, दोन्हींत पुरुष उभा आहे आणि स्त्री कोसळते आहे. संमोहनाविषयीची आपली लोकप्रिय समजूत याच एका दृश्यावर पोसली गेली आहे. प्रयोगशाळेला पुढे झगडावे लागले ते या दृश्याशीच.

*

ही झुंज सर्वांत चोख रीतीने दिली ती मार्टिन ओर्न या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगाची युक्ती पाहा. विद्यार्थ्यांच्या एका वर्गाला व्याख्यानात सांगितले आणि प्रात्यक्षिकातही दाखवले की संमोहनात माणसाचा सवयीचा हात आपोआप ताठरतो. ही गोष्ट साफ बनावट होती. दुसऱ्या वर्गाला हे दाखवले नाही. नंतर संमोहित केल्यावर पहिल्या वर्गातल्या अनेकांचा नेमका तोच हात ताठरला. भिंतीवरचे चित्र काय करू शकते, याचा हा पुरावा.

मग खरे कसे ओळखायचे? ओर्नने सोंगालाच कामाला लावले. ज्यांच्यावर संमोहनाचा परिणाम होत नाही अशांना त्याने सांगितले, तुम्ही संमोहित झाल्याचे नाटक करा. संमोहन करणाऱ्याला फसवा. संमोहन करणाऱ्याला कोण खरे आणि कोण नाटकी हे सांगायचे नाही. दोघे सारखेच वागले तर त्या वागण्याला फारशी किंमत नाही. वेगळे वागले तरच तिथे काहीतरी आहे.

झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपण म्हणतो. ओर्न आणि इव्हान्स यांनी १९७१ मध्ये या म्हणीची जणू परीक्षाच घेतली. प्रयोग चालू असताना वीज गेल्याचा बनाव करून संमोहन करणारा खोलीबाहेर निघून गेला. नाटक करणाऱ्यांनी पाहणारा गेल्याबरोबर नाटक थांबवले. खरोखर संमोहित झालेले मात्र हळूहळू, बऱ्याच मिनिटांनी भानावर आले. तेव्हा म्हणीला पुरवणी जोडायला हरकत नाही : सोंग घेतलेल्यालाही जाग येते, फक्त आपण खोलीतून बाहेर जायला हवे.

*

आता ज्या प्रयोगाने मला या विषयाकडे ओढले त्याच्याकडे वळतो. तुरुंगाच्या प्रयोगामुळे गाजलेले फिलिप झिंबार्डो आणि त्यांचे दोन सहकारी यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला हा प्रयोग १९८१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. म्हातारपणी ऐकू कमी येऊ लागलेली माणसे संशयी होतात, 'माझ्याविरुद्ध कुजबुजता' म्हणतात, हे डॉक्टरांनी पूर्वीच पाहिले होते. प्रश्न असा की बहिरेपणातून संशय जन्मतो का?

संमोहनाला चांगला प्रतिसाद देणारे १८ विद्यार्थी घेतले, ६-६ चे तीन गट केले. पहिल्या गटाला सूचना दिली की ठरावीक खूण दिसताच ऐकू कमी येईल. आणि ही सूचना दिल्याचेच विसरायला सांगितले. दुसऱ्याला तोच बहिरेपणा दिला, पण तो सूचनेमुळे आहे हे लक्षात राहू दिले. तिसऱ्याला फक्त कान खाजण्याची सूचना देऊन ती विसरायला लावले. मग प्रत्येकाला एका खोलीत आणखी दोघांबरोबर बसवले. ते दोघे प्रयोगकर्त्यांचीच माणसे. ती आपापसांत एका पार्टीतली गंमत आठवून हसू लागली. आपण बहिरे झालो आहोत हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्या पहिल्या गटातले विद्यार्थी चिडचिडे आणि तुसडे झाले. चाचण्यांतून, चित्रे पाहून रचलेल्या गोष्टींतून त्यांचा संशय दिसला. बाकी दोन्ही गटांत हे एवढे झाले नाही. म्हणजे ऐकू न येणे एवढ्याने भागत नाही. का ऐकू येत नाही याचे कारण हाती नसले की मन स्वतःच कारण रचते, आणि हाताशी सर्वांत जवळ असते ते समोरचे हसणे.

कथा म्हणून हा प्रयोग अप्रतिम रचलेला आहे. कान खाजवणारा तिसरा गट तर मला फार आवडतो. विसरलेली सूचना मनात असण्यानेच माणूस बिघडतो का, या शंकेला त्याने परस्पर उत्तर दिले. आणि आपल्या दुभाषी गावांत राहणाऱ्यांना त्याचा आशय समजावून सांगावा लागणार नाही. मराठी घरात नव्याने आलेली कन्नड सून, किंवा धारवाडकडे दिलेली आपली मुलगी, पहिले सहा महिने काय सोसते? माजघरात चारजणी काहीतरी बोलतात, हसतात, आणि तिला अर्धेच कळते. ती निदान आपल्याला भाषा येत नाही हे जाणते. घरातल्या सत्तरीच्या आजोबांना आपला कान गेला आहे हेच मान्य नसते, आणि मग सगळे घर त्यांच्याविरुद्ध कट करू लागते. झिंबार्डोंचे तीन गट वाचल्यावर अशा आजोबांवर रागावणे मला तरी कठीण झाले.

तरीही या प्रयोगावर माझे तीन आक्षेप आहेत. पहिला सर्वांना दिसणारा : ६-६ मुलांवर फार मोठी इमारत उभी करता येत नाही. दुसरा असा की ओर्नने शिकवलेला नाटकी गट इथे नाही. तिसरा आक्षेप मात्र वाचकाचा आहे. त्या पहिल्या गटातल्या मुलाला वाटले, या दोघांच्या हसण्यात काहीतरी काळेबेरे आहे. आणि ते खरेच होते! ते दोघे पढवलेले होते, त्याच्यापासून एक गोष्ट लपवली होती, सगळी खोली त्याच्याभोवती रचलेला बनाव होती. कथेतले एकमेव बरोबर अनुमान ज्याने केले त्याच्यावरच 'भ्रमा'ची चिठ्ठी लावली गेली. बनाव तिन्ही गटांपुढे सारखाच होता, म्हणून गटांमधला फरक टिकतो, हे मला मान्य आहे. पण त्या संशयाला आजार म्हणताना लेखकांनी हा उपहास ओळखायला हवा होता. घरातल्या आजोबांच्या बाबतीतही कधीकधी खरोखरच कोणीतरी मागे काही बोललेले असते.

*

यानंतरचे काम अधिक सावध आहे. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठात अमँडा बार्नियर, मॅक्स कोल्टहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून प्रसिद्ध केलेले आरशाचे प्रयोग त्यांत मोडतात. स्मृतिभ्रंशाच्या काही रुग्णांना आरशातला माणूस परका वाटतो. असे झाले की घरातले आरसे झाकून ठेवण्याची पाळी येते. कोल्टहार्ट यांचे मत असे की अशा भ्रमाला दोन गोष्टी लागतात : चेहरा किंवा आरसा समजण्यात बिघाड, आणि आलेली विचित्र कल्पना तपासून टाकून देण्याच्या शक्तीतही बिघाड. प्रयोगात ही दोन्ही कामे सूचनेने करवली. संमोहित निरोगी माणसे आरशात पाहून 'हा मी नव्हे' म्हणू लागली, आपल्यात आणि त्याच्यात फरक दाखवू लागली, आणि उलटतपासणी घेतली तरी पुष्कळजण आपल्या म्हणण्याला चिकटून राहिले. इथे सिद्धान्ताचे दोन भाग सुटे करून तपासता आले. खऱ्या रुग्णात ते सुटे करता येत नाहीत. उसन्या दुखण्याचा खरा उपयोग हा आहे.

लुळेपणाकडे पुन्हा वळायचे तर पीटर हॅलिगन, डेव्हिड ओकली आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका संमोहित माणसाच्या मेंदूची चित्रे छापली. सूचनेने लुळा केलेला डावा पाय हलवण्याचा प्रयत्न करताना मेंदूच्या पुढल्या भागातल्या ज्या जागा जाग्या झाल्या, त्याच १९९७ मध्ये एका हिस्टेरियाच्या रुग्ण स्त्रीत दिसल्या होत्या. शार्कोंची तुलना शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा मांडली गेली, पण एक माणूस विरुद्ध एक बाई एवढ्यावर. २००३ मध्ये याच मंडळींनी बारा जणांत संमोहनातला लुळेपणा आणि मुद्दाम केलेले नाटक शेजारी ठेवले, तेव्हा दोन्हींची मेंदूतली चित्रे वेगळी निघाली. जिनिव्हाच्या संशोधकांनी २००९ मध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचे केले : हात हलवण्याची तयारी मेंदू करतच होता, पण स्वतःविषयीच्या कल्पनाचित्रांशी निगडित भाग त्यात मध्ये पडत होता. तेव्हा अखेरचा शब्द अजून कोणी बोललेले नाही.

*

या सगळ्याची गोळाबेरीज करताना मला नाटकातल्या एका जुन्या भेदाची आठवण ठेवावीशी वाटते. नट रंगमंचावर अश्रू ढाळतो तेव्हा त्याच्या डोळ्यांतले पाणी खरे असू शकते; दुःखामागचे आयुष्य त्याचे नसते. प्रयोगशाळेतल्या लुळेपणाचे तसेच आहे. तो लुळेपणा वेळेपुरता खरा आहे, पण त्याला भूतकाळ नाही. गाडीवानाच्या हातामागे त्याचे पडणे होते, बुडालेली मजुरी असेल, घरातली तोंडे असतील. माहेरी आलेल्या लेकीच्या हातामागे काय आहे ते तीच जाणे, किंवा तिलाही ठाऊक नसेल. हा हात तिला कशापासून वाचवतो आहे, हे सूचना देऊन निर्माण करता येत नाही. शिवाय असा खोल प्रतिसाद देणारी माणसे शंभरात साधारण १० ते १५ असतात, आणि प्रयोग बहुतांशी त्यांच्यावरच होतात. सगळे रुग्ण त्यांच्यासारखेच असतात, हे गृहीत धरता येत नाही.

म्हणून प्रतिकृती म्हणून हे प्रयोग मला अपुरे वाटतात. रोग कसा येतो हे त्यांनी दाखवल्याचा दावा कोणी केला तर त्याला ब्रूयेचे चित्र पुन्हा नीट पाहायला सांगावे. पण एक काम त्यांनी चोख केले आहे, आणि ते आपल्या घरांसाठी महत्त्वाचे आहे. इच्छा असूनही हात न हलणे आणि मुद्दाम हात न हलवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी नुसते सांगितले नाही, तर निरोगी माणसांत मोजून दाखवले. नस शाबूत, हाड शाबूत, मनातही लबाडी नाही, आणि तरीही हात उठत नाही, अशी अवस्था शक्य आहे. आपल्या 'सोंग' या शब्दात या अवस्थेला जागा नाही. कन्नड 'सोगु'तही नसावी.

तेव्हा डॉक्टरांनी 'तपासण्या ठीक आहेत' म्हटल्यावर आपण थांबायचे आणि हिणवायला लागायचे, हे आता तरी सोडायला हवे. अशा लुळेपणावर समजून-उमजून केलेल्या व्यायामोपचारांचा आणि मनाच्या उपचारांचा उपयोग होऊ शकतो, आणि त्याची सुरुवात रुग्णावर विश्वास ठेवण्यापासून होते. जत्रेत नाहीतर सभागृहात तिकीट लावून माणसांना कोंबड्यासारखे आरवायला लावणारे 'संमोहन सम्राट' याचा भाग नव्हेत. ते ब्रूयेच्या चित्रातलेच, फक्त काळ्या कोटाऐवजी चमकदार कोटातले. या विषयावर मराठीत कोणी जाणत्याने सविस्तर पुस्तक लिहावे, आणि त्यात फारियांना पुतळ्यातून बाहेर काढून त्यांच्या म्हणण्यासह उभे करावे. त्या पुस्तकाचा पहिला वाचक मी असेन. तोवर निदान लेकीचा हात उचलत नसेल तर तिला एवढे विचारावे की, "केव्हापासून गं?" आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.